चियांग माई ते व्हिएन्तियान: नदीने, रेल्वेने आणि सावकाश

सोमवार, चियांग माई

खोली सोडायची सकाळ. घरमालकीणबाई विजेच्या बिलाचा कागद घेऊन दारात उभ्या आणि ताई त्यांना फोनमधला फोटो दाखवतेय. खोली ताब्यात घेतली त्याच दिवशी तिने मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवला होता. उत्तर थायलंडमधल्या या चियांग माईत महिन्याच्या बोलीवर खोली घेतली की भाडं रोजच्या दराच्या निम्म्यावर येतं. पण वीज वेगळी, युनिटप्रमाणे लागते, आणि एसी रात्रभर चालू ठेवला तर वाचवलेलं सगळं तिथेच जातं. आधीचे आकडे आणि आजचे आकडे शेजारी ठेवले, दोन मिनिटांत हिशेब मिटला, अनामत हातात आली.

या लांबच्या प्रवासात हिशेब ताईकडे आणि तिकिटं माझ्याकडे, अशी वाटणी आहे. ताईच्या वहीत दिवसाला एक ओळ असते आणि रकाने दोनच: ‘मुक्काम’ आणि ‘हलणं’. खोली, जेवण, धुणं, फोनचं रिचार्ज पहिल्यात. बस, होडी, व्हिसा, टुकटुक, स्टेशनवरचं महागडं पाणी, नव्या गावात अंधार पडल्यावर घाईने घेतलेली पहिली खोली हे सगळं दुसऱ्यात. काही महिन्यांची बेरीज एकदा शेजारी शेजारी मांडली तर दुसरा रकाना पहिल्याला गिळत होता. म्हणजे तासभर फोन चाळून दहा टक्के स्वस्त खोली शोधायची आणि दर तिसऱ्या दिवशी गाव बदलायचं, या उद्योगाला काही अर्थ नाही. जग फिरायला पैसा कमी पडतो तो जगण्यासाठी नाही, हलण्यासाठी. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की बाकीचे निर्णय आपोआप होतात.

चियांग माई त्यासाठी सोयीचं. जुनं शहर खंदकाच्या चौकोनात बसलेलं, त्यामुळे चालत सगळं जवळ. लांब जायचं तर लाल सोंगथेव आहेत: मागे दोन बाकं टाकलेले छोटे ट्रक. फक्त मोसम बघून यावं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आसपासची शेतं आणि जंगलं जळत असतात, आणि मार्चमध्ये हे शहर जगातल्या सर्वांत खराब हवेच्या शहरांच्या यादीत वरती असतं. तेव्हा खोल्या स्वस्त मिळतात खऱ्या, पण खिडकी उघडता येत नाही. ‘ऑफ सीझन’ म्हटलं की मी आधी विचारतो, ऑफ का आहे? पाऊस असेल तर चालेल. धूर असेल तर नको.

दुपारी एटीएम. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने पैसे काढले की स्थानिक बँक दर वेळी दोनशे बाटच्या वर फी कापते, हजार काढा नाहीतर वीस हजार. म्हणून एकदाच, मोठी रक्कम. शेवटी स्क्रीनवर एक साळसूद प्रश्न येतो: तुमच्या चलनात रूपांतर करून घ्यायचं का? सोबत एक ‘हमी’ दिलेला दरही दिसतो. तो दर त्या यंत्राच्या मालकाने लावलेला असतो, आणि त्यात त्याचा वाटा असतो. ‘रूपांतराशिवाय पुढे जा’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. ते कुठेतरी कोपऱ्यात, बारीक असतं. व्यवहार रद्द होईल की काय असं वाटतं, पण होत नाही. आपली बँक आपल्या दराने पैसे कापते आणि तो दर बहुतेक वेळा बरा असतो. दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच.

कार्डं दोन बँकांची, दोघांच्या दोन पिशव्यांत. एक यंत्राने गिळलं तर दुसरं हवं. आणि बँकेचा ओटीपी ज्या नंबरावर येतो तो नंबर परदेशात चालू राहील याची सोय निघण्याआधी करायची. नाहीतर कार्ड असून नसल्यासारखं.

मंगळवार, चियांग खोंग

सकाळच्या बसने उत्तरेला. चियांग राई वाटेत लागतं. पांढऱ्या देवळाजवळ अर्धी बस उतरली, आम्ही बसून राहिलो. सुंदर आहे म्हणतात, असेलही. पण बसचा दिवस आणि बघण्याचा दिवस एकत्र करायचा नाही, हा ताईचा नियम. सामान कुठे ठेवायचं, पुढची बस कधी, जेवायचं कुठे, या चिंतांमध्ये बघितलेलं काही बघितल्यासारखं होत नाही, वर खर्च दोन्हीकडचा.

पिशव्यांबद्दल थोडं. दोघांच्या पाठीवर सात-सात किलो. स्वस्त विमानकंपन्या फुकट नेऊ देतात ते वजन साधारण एवढंच असतं, आणि वजन वाढलं की प्रत्येक वेळी पैसे. पण विमानापेक्षा खरा फायदा जमिनीवर आहे. पिशवी हलकी असली की स्टॅंडपासून गेस्ट हाऊसपर्यंत चालत जाता येतं, आणि दारात उभ्या असलेल्या टुकटुकवाल्याशी घासाघीस करताना तुमच्यापाशी पर्याय असतो. ताईच्या पिशवीतल्या कामाच्या वस्तू: पातळ पंचा (तासाभरात वाळतो), कपडे वाळत घालायची दोरी, स्वतःचं कुलूप. डॉर्मच्या, म्हणजे अनेकांनी वाटून घ्यायच्या खोलीतल्या लॉकरला कुलूप आपलं आणावं लागतं, आणि रिसेप्शनवर ते विकतच मिळतं.

चियांग खोंग म्हणजे मेकाँग नदीच्या काठाला धरून गेलेला एक लांब रस्ता. खोलीच्या गॅलरीतून समोर लाओस दिसतो, इतका जवळ की पलीकडच्या गाड्यांचे दिवे मोजता यावेत. आज सीमा ओलांडण्याची घाई केली नाही. संध्याकाळी पलीकडे पोचलेला माणूस मिळेल त्या खोलीत मिळेल त्या भावाने राहतो.

रात्री डॉलर काढून दिव्याखाली तपासले. लाओसचा व्हिसा सीमेवरच मिळतो, फी डॉलरमध्ये, आणि नोटा कोऱ्या लागतात. घडी, शाईचा ठिपका, फाटलेली कड, काहीही असलं तरी नोट परत येते. बाटमध्ये फी भरली तर तोच व्हिसा महाग पडतो. म्हणून लांबच्या प्रवासात थोडे कोरे डॉलर एका जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात, पुस्तकात ठेवल्यासारखे सपाट ठेवायचे आणि रोजच्या खर्चाला त्यांना हात लावायचा नाही.

बुधवार, हुआय साय ते पाकबेंग

डिसेंबर २०१३ मध्ये इथे मेकाँगवर चौथा मैत्री पूल सुरू झाला. त्याआधी छोट्या होडीतून पलीकडे जायचं, पाच मिनिटांत. आता आधी पुलापर्यंत टुकटुक, थायलंडचा शिक्का, मग पूल ओलांडणाऱ्या बसचं तिकीट, कारण पुलावरून चालत जाऊ देत नाहीत. मग हुआय सायच्या बाजूला लाओसची खिडकी. आणि पलीकडे परत टुकटुक, कारण होडीचा धक्का पुलापासून बराच दूर. एका नदीच्या दोन काठांमध्ये ताईने ‘हलणं’च्या रकान्यात चार आकडे लिहिले.

व्हिसाचा फॉर्म, एक फोटो, डॉलर. काचेमागच्या माणसाने नोट उजेडाकडे धरली, उलटवली, अंगठ्याने कड चाचपली आणि ठेवून घेतली. मग पासपोर्टमध्ये पूर्ण पानभर स्टिकर. एक अख्खं पान! लांब फिरणाऱ्याला पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी हे सगळ्यांना माहीत असतं, पण पानं मोजायची सवय कमी जणांना असते. पानभर स्टिकर देणारे देश ओळीने आले की पुस्तिका मुदतीच्या कितीतरी आधी संपते, आणि नवी काढायची तर दूतावास असलेल्या शहरात काही आठवडे अडकून पडावं लागतं. म्हणून निघतानाच जास्त पानांची पुस्तिका मागायची, आणि ज्या देशाचा ई-व्हिसा कागदावर मिळतो तिथे तोच घ्यायचा.

विमानतळावर पुढच्या तिकिटाचा पुरावा मागतात, तशी चौकशी इथे झाली नाही. जमिनीवरच्या सीमा त्या बाबतीत सैल असतात. विमानकंपनी मात्र विचारते, कारण तुम्हाला परत पाठवलं तर खर्च तिच्या गळ्यात. त्यासाठी शेजारच्या देशात जाणारं एखादं स्वस्त बसचं तिकीट जवळ ठेवलं की बहुतेक ठिकाणी भागतं.

थोडे बाट बदलून किप घेतले. डॉलरला वीस हजारांच्या वर किप, आणि सर्वांत मोठी नोट एक लाखाची. खिसा फुगतो, श्रीमंत वाटतं. लागतील तेवढेच घ्यायचे, कारण लाओसच्या बाहेर किप जवळपास कोणीच घेत नाही.

स्लो बोट म्हणजे लांबलचक लाकडी होडी, वर छत, बाजू उघड्या. आत जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीटा रांगेने मांडलेल्या, काही तर जमिनीला नीट खिळलेल्याही नाहीत. जरा मागे रेललं की अख्खी सीट मागच्याच्या गुडघ्यावर. इंजिन शेवटी असतं आणि ते दिवसभर कानात घण घालतं, म्हणून पुढची जागा धरायची. लाओसमधल्या लुआंग प्रबांग या जुन्या गावापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर, दोन दिवस, मधे रात्रीचा मुक्काम पाकबेंगला. हेच अंतर स्पीडबोट सहा-सात तासांत तोडते, हेल्मेट घालून बसावं लागतं. खडकांच्या नदीत त्या वेगाने जाणं म्हणजे वाचवलेल्या दिवसाची भलतीच किंमत. तिचा विचारही करू नये.

पहिले दोन तास थंडीत गेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळच्या नदीवर धुकं असतं आणि वारा आरपार जातो. उष्ण देश म्हणून एक लोकरीचा कपडाही न आणलेली मंडळी पिशव्या रिकाम्या करून दोन-दोन टीशर्ट एकावर एक चढवत होती. मग डोंगर उघडे पडले, वाळूच्या किनाऱ्यांवर म्हशी दिसायला लागल्या, एखाद्या वस्तीपाशी होडी नाक टेकवायची, तांदळाची पोती उतरायची, कोंबड्या चढायच्या.

शेजारी एक जोडपं होतं, साठीचं. जगाची फेरी मारणारं एकच तिकीट त्यांनी काढलंय. त्याची मुदत वर्षाची, दिशा एकच: पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच जायचं, मागे वळायचं नाही. बाई म्हणाल्या, “आम्हाला इथे महिनाभर राहावंसं वाटतंय, पण पुढच्या विमानाची तारीख ठरलेली.” तारखा बदलता येतात, पण सगळी साखळी हलवावी लागते. माझं मत असं की महासागर ओलांडायचे असतील आणि वेळ कमी असेल तर हे तिकीट परवडतं. ज्याच्याकडे वेळ भरपूर आहे त्याने एकेरी तिकिटं घेत जावं, खंडांमधली मोठी उडी काही महिने आधी शोधावी आणि खंडाच्या आत जमिनीवरून फिरावं. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून उडायचं, म्हणजे उलट येण्याचा खर्च वाचतो.

त्यांना पुढे युरोपात जायचंय. तिथली मोजणी ताईने त्यांच्याच नकाशावर करून दाखवली. शेंगेन देशांमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि फ्रान्समधून इटलीत गेल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही, सगळं मिळून एकच खातं. मधला काळ त्या गटाबाहेरच्या देशांत काढायचा. सर्बिया, अल्बेनिया, जॉर्जिया, असे. राहणीमानही तिथे स्वस्त पडतं. बुवा ऐकत होते, बाई लिहून घेत होत्या.

पाकबेंगला अंधाराच्या जरा आधी. धक्क्यावरून एकच रस्ता वर चढतो आणि दोन्ही बाजूंना गेस्ट हाऊस. धक्क्यावर पोरं पाट्या घेऊन उभी. आम्ही पन्नास पावलं पुढे गेलो, खोली पाहिली, गरम पाणी येतं का ते नळ उघडून पाहिलं आणि मग भाव विचारला. या क्रमाने विचारलं की भाव कमी सांगतात. का, ते ठाऊक नाही.

गुरुवार, पाकबेंग ते लुआंग प्रबांग

आज होडी दुसरी, म्हणून कालची जागा गेली. आम्ही तासभर आधीच जाऊन पुढे बसलो.

समोर एक तरुण, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बँडेज. चियांग माईहून पाईला जाणाऱ्या रस्त्यावर ७६२ वळणं आहेत, त्यातल्या एका वळणावर भाड्याची स्कूटर घसरली. दवाखान्याचं बिल विमा कंपनीकडे पाठवलं तर उत्तर आलं: दुचाकीचा परवाना दाखवा. त्याच्याकडे मोटारीचा होता. स्कूटर भाड्याने देणारा परवाना विचारत नाही, पोलीस क्वचित विचारतात, विमा कंपनी मात्र हमखास विचारते. प्रवास विम्याच्या कागदात दुचाकीचं कलम शोधून वाचायचं: दुचाकीचा वैध परवाना, त्या देशाला लागतो तिथे आंतरराष्ट्रीय परवाना, हेल्मेट, आणि इंजिन किती सीसीपर्यंत चालतं. सोबत दुसरं कलम बघायचं, रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचं. लाओसमध्ये काही गंभीर झालं तर लोकांना थायलंडच्या इस्पितळात नेतात, आणि त्या एका फेरीचा खर्च वर्षभराच्या प्रवासाचा हिशेब उलटा करू शकतो. लांबच्या प्रवासात काटकसर सगळीकडे करावी, विम्यात करू नये. आणि दिवसाच्या हप्त्यापेक्षा वर्षाची पॉलिसी किती दिवस सलग बाहेर राहू देते ते आधी बघावं. पुष्कळ वार्षिक पॉलिसी एका सहलीला ठरावीक दिवसांची मर्यादा घालतात.

दुपारनंतर नदी रुंद झाली. एके ठिकाणी डोंगर खरवडलेले, क्रेनच्या रांगा, पिवळे ट्रक. लुआंग प्रबांगच्या वरच्या अंगाला १,४६० मेगावॉटचं धरण उभं राहतंय, ते हे. त्याच्या वर पाकबेंगलाही एक ठरलंय. मेकाँगवरचा हा दोन दिवसांचा संथ प्रवास पुढे असाच राहील असं धरून चालू नये. मग नाम ऊ नदी येऊन मिळते तिथे समोरच्या चुनखडीच्या कड्यात पाक ऊची लेणी, बुद्धाच्या लहानमोठ्या मूर्तींनी भरलेली. होडीतून पांढरा जिना दिसतो तेवढाच.

होडी गावात जात नाही. दहाएक किलोमीटर आधीच्या धक्क्यावर सगळ्यांना उतरवतात आणि वर टुकटुकच्या तिकिटाची खिडकी असते. यावर बरेच लोक हुज्जत घालत होते. ताईने सरळ दोन तिकिटं घेतली. “अरे, दहा किलोमीटर अंधारात चालणार आहेस का? मग भांडून काय उपयोग?” स्वस्त होडीचं, स्वस्त बसचं तिकीट बघताना हा शेवटचा तुकडा धरूनच बेरीज करायची. शहराबाहेरच्या विमानतळावर रात्री दीडला उतरणारं विमान कागदावर स्वस्त दिसतं ते याच कारणाने.

शुक्रवार, लुआंग प्रबांग

पहिली रात्र आधी नोंदवलेल्या खोलीत काढली, फक्त एकच. सकाळी पिशव्या तिथेच ठेवून चालत निघालो. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधल्या जिभेवर जुनं गाव आहे, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत. टोकाकडच्या खोल्या महाग. नाम खानच्या पलीकडे, बांबूचा पूल ओलांडून गेलं की भाव उतरतात. हा पूल दर पावसाळ्यात वाहून जाऊ नये म्हणून काढून टाकतात आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा बांधतात. ओलांडायला थोडे पैसे पडतात. ताईने ते रोज दोन फेऱ्यांप्रमाणे खोलीच्या भाड्यात मिळवूनच तुलना केली.

तिसऱ्या गेस्ट हाऊसमध्ये जमलं. खोली पाहताना आम्ही काय बघतो: पंखा सगळ्या गतींवर फिरतो का, खिडकीची जाळी फाटकी आहे का, गादीच्या शिवणीत काळे ठिपके आहेत का (ढेकूण), बाथरूमचं पाणी कुठे वाहून जातं, आणि शेजारी कराओके आहे का. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. मग आठवड्याचा भाव. रोजचा भाव कमी करा असं म्हटलं की माणूस अवघडतो. “आठवडा राहतो, किती घ्याल?” असं विचारलं की तोच आकडा मोजायला लागतो, कारण सात रात्री खोली रिकामी राहणार नाही हे त्यालाही हवं असतं.

धुणं किलोवर दिलं.

शनिवार ते मंगळवार

हे दिवस एकत्र लिहितो, कारण ताईच्या वहीत ‘हलणं’ हा रकाना कोराच आहे, अपवाद फक्त क्वांग सी धबधब्याचा. तो गावापासून तीस किलोमीटरच्या आसपास. वाटून घेतलेल्या व्हॅनने गेलो. सकाळी लवकर गेलं तर निळसर पाण्याच्या कुंडांपाशी गर्दी नसते.

पहाटे भिक्खूंची रांग भिक्षेला निघते. आम्ही रस्त्याच्या पलीकडे, कठड्याला टेकून उभे होतो. पर्यटक फ्लॅश मारत अगदी भिक्खूंच्या तोंडापाशी जातात. ते पाहवत नाही. दूर उभं राहावं, खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि फोटोसाठी म्हणून भात विकत घेऊन वाढायला बसू नये.

संध्याकाळचे दोन तास ‘बिग ब्रदर माउस’मध्ये गेले. मुलांसाठी लाओ भाषेत पुस्तकं काढणारी ही संस्था आहे. तिथे इंग्रजीचा सराव करायला पोरं येतात आणि प्रवाशांनी नुसतं बसून बोलायचं असतं. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. एका सतरा वर्षांच्या मुलाने ताईला विचारलं, “तुम्ही काम कधी करता?” ताईने त्याला अख्खा हिशेब सांगितला: किती वर्षं साठवले, महिन्याला किती लागतात, कधी संपतील. माझ्या मते तोच त्या दिवसाचा इंग्रजीचा उत्तम धडा.

कामाचा विषय निघालाच आहे तर. आमच्या मागच्या हॉस्टेलमध्ये रिसेप्शनवर एक मुलगी चार तास बसायची आणि बदल्यात पलंग फुकट. लांब फिरणाऱ्यांत ही पद्धत खूप चालते. शेतांवर हेच काम जुळवून देणारी ‘वूफ’ ही चळवळ १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झाली. पैसे वाचतात हे खरं, पण पुष्कळ देशांत पलंग-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. सीमेवर “इथे काम करणार आहे” असं भाबडेपणाने सांगून परत पाठवलेले लोक आहेत. त्या त्या देशाचा नियम वाचल्याशिवाय या भरवशावर बजेट बांधू नये.

यूएक्सओ, म्हणजे न फुटलेल्या बॉम्बची माहिती देणारं केंद्र एकदा बघावंच. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर ५ लाख ८० हजार उड्डाणांतून २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, आणि क्लस्टर बॉम्बच्या (एका बॉम्बच्या पोटात अनेक छोटे गोळे) गोळ्यांपैकी सुमारे ३० टक्के फुटल्याच नाहीत. त्या अजून शेतांत आहेत. भिंतीवरच्या चित्रात एक गोळा दाखवलाय, मुठीत मावेल एवढा, पोरांना चेंडू वाटावा असा. या देशात मळलेली पायवाट सोडून लघवीलाही बाजूला जायचं नाही, असा सल्ला देतात तो याचमुळे.

सोमवारी काहीच केलं नाही. देवळं एकसारखी दिसायला लागली, धबधब्याचं नाव काढलं की जांभई आली, तर तो आळस नव्हे, ते थांबायचं चिन्ह. सुट्टीवर आलेला माणूस दोन आठवडे रेटून नेतो. वर्षभर फिरणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस असा लागतोच, आणि तो स्वस्त गावात काढलेला बरा. त्या दिवशी कागदपत्रांचं काम उरकलं. व्हिएतनामचा ई-व्हिसा भरला. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांचा मिळतो, एकदाच प्रवेश हवा तर २५ डॉलर, अनेकदा हवा तर ५०. फॉर्ममध्ये कुठल्या नाक्याने आत येणार ते निवडावं लागतं. म्हणून आधी रस्ता ठरवायचा, मग फॉर्म. बसने व्हिएतनामच्या राजधानीला, हनोईला जायचं तर कौ त्रेओ हा नाका. पासपोर्ट, विमा, व्हिसा, कार्डांच्या हरवल्यास फोन करायच्या नंबरांच्या प्रती एकमेकांच्या फोनमध्ये आणि मेलवर. एक कागदी प्रत पिशवीच्या तळाशी.

बुधवार, रेल्वे

लाओस-चीन रेल्वे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. चीनच्या सीमेवरच्या बोतेनपासून राजधानी व्हिएन्तियानपर्यंत ४१४ किलोमीटर, त्यातला जवळजवळ निम्मा मार्ग बोगद्यांतून. लुआंग प्रबांगहून राजधानी दोन तासांवर आली. बसने डोंगरातून हाच दिवसभराचा, पोट ढवळणारा रस्ता. रेल्वे बसपेक्षा महाग असली तरी दिवस वाचतो आणि शेवटी जेवण-पाण्याचा खर्च धरला तर फरक फारसा उरत नाही. तिकिटं काही दिवस आधीच सुटतात आणि चटकन संपतात. रेल्वेचं स्वतःचं अॅप आहे. गावातल्या एजंटाकडून घेतलं तर तो वर कमिशन लावतो. आमच्या गेस्ट हाऊसजवळच्या एकाने तर तिकिटाच्या जवळजवळ निम्मं कमिशन सांगितलं.

स्टेशन गावाबाहेर, एवढं प्रचंड की विमानतळ वाटावा. तपासणीही तशीच. ताईचा डासांचा फवारा काढून घेतला, कारण दाबाचे डबे गाडीत चालत नाहीत. पुढच्या बाईची कात्री गेली, एका पोराचा चाकू. मलम किंवा रोल-ऑन न्यावं.

वांग विएंगचे उभे सुळके खिडकीतून दोन बोगद्यांच्या मधे दिसले आणि गेले. डब्यातली निम्मी तरुण मंडळी तिथे उतरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये या गावात विषारी मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी प्रवासी गेले. फुकट किंवा अर्ध्या किमतीत मिळणारे दारूचे पेले कुठेही घेऊ नयेत. प्यायची असेल तर आपल्यासमोर उघडलेली बाटलीबंद बीअर.

गुरुवार, व्हिएन्तियान

राजधानीला बघण्यासारखं फार नाही असं सगळे म्हणतात. मला आवडली. पतुसाय ही कमान अमेरिकेने धावपट्टीसाठी दिलेल्या सिमेंटातून उभारली म्हणे, त्यामुळे तिला उभी धावपट्टी म्हणतात. कोप केंद्र फुकट आहे. बॉम्बमध्ये हातपाय गेलेल्यांना कृत्रिम अवयव देतात, तिथलं प्रदर्शन. छताला लटकवलेल्या बॉम्बगोळ्यांच्या खाली तासभर फिरलो.

पुढचं काय, यावर संध्याकाळी मेकाँगच्या काठावर चर्चा. एक वाट परत थायलंडला. जुलै २०२४ पासून इथल्या खामसावात स्टेशनवरून थेट बँकॉकची रात्रीची गाडी निघते, झोपायचा डबा असतो, म्हणजे एका रात्रीची खोली वाचते. रात्रीच्या प्रवासाचं हे गणित आम्ही रेल्वेला लावतो. बसला लावत नाही, कारण बसमध्ये झोप होत नाही आणि दुसरा दिवस खोली घेऊन झोपण्यातच जातो.

दुसरी वाट हनोई. बस वीस-चोवीस तास घेते, पहाटे सीमेवर पोचते आणि नाका उघडेपर्यंत अंधारात उभी राहते. विमान तासाभराचं.

“ताई, तू विमानाचं म्हणत होतीस ना?”

“म्हणत होते. पण व्हिसावर नाका कौ त्रेओ लिहिलाय. विमानाने गेलो तर नवा फॉर्म, नवे पैसे.”

मग तिने एक तोडगा काढला. अख्खं अंतर बसने एका दमात न तोडता व्हिएतनाममधल्या विन्ह शहरात उतरायचं, ते वाटेतच लागतं, तिथे आठवडाभर राहायचं आणि हनोईला पुढे रेल्वेने जायचं. बसच्या तिकीटवाल्याने विन्हला सोडायलाही हनोईचेच पैसे सांगितले. ताईने दुसऱ्या खिडकीवर विचारलं, तिथे कमी होते. खालच्या बर्थ मागितल्या, मधल्या रांगेत, संडासापासून लांब. गाडी उद्या संध्याकाळी आहे. स्वेटर वर ठेवायचेत, एसी फार असतो म्हणे, आणि उरलेले किप उद्या दुपारपर्यंत संपवायचेत.